हत्यार या शब्दाचा दुसरा अर्थ

झेल्मा आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात लागली तेव्हा चोवीस वर्षांची होती. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि टायपिस्ट. लात्व्हियन आणि रशियन अशी दोन्ही यंत्रं सफाईनं चालवणाऱ्या बायका त्या वेळी रीगात फार नव्हत्या, म्हणून युद्ध संपल्या संपल्या मला तिथं जागा मिळाली होती. कार्यालयाची माणसं खेडोपाडी जायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे शब्द पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर उतरवून आणायची, आणि ती कार्डं लाकडी खणांत लागायची. कार्डावर शब्द, त्याचा अर्थ, तो ज्या वाक्यात बोलला गेला ते वाक्य, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव, वय, घर. एवढं सगळं असल्याशिवाय कार्ड खणात जात नसे. आमचे विभागप्रमुख मेल्डेरिस याबाबतीत फार कडक होते. बिननावाचं कार्ड ते सगळ्यांदेखत फाडायचे.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात त्यांनी झेल्माला पूर्वेकडे, दलदलीच्या काठच्या पुर्व्हमालाला पाठवलं. तिकडची घरं एकमेकांपासून लांब लांब, शेतांत एकेकटी. माणसं आडनावानं नाही, घराच्या नावानं ओळखली जातात. झेल्माची उतरायची सोय ग्राव्हास नावाच्या घरी झाली. तिथं इंद्रिकिस नावाचा सुतार राहायचा. वय बावन्न. त्याची बायको लीझे त्याच्याहून बरीच लहान, आणि पाच वर्षांची एक मुलगी, माल्विने. झेल्मा परत आल्यावर कित्येक दिवस दुपारच्या जेवणाला त्या घराबद्दलच बोलत असे, त्यामुळे मला ते घर न पाहताही पाठ झालं.

पहिल्या दिवशी इंद्रिकिसनं तिला दारातच विचारलं होतं की कुठल्या खात्याची. तिनं सांगितलं, शब्द गोळा करायला आले आहे. तो बराच वेळ तिच्या पिशवीकडे बघत राहिला.

"घोडे न्यायला आले, गाई न्यायला आले, बटाटे तर दोनदा नेले," तो म्हणाला. "शब्द न्यायला तू पहिलीच, पोरी."

"ने बाई, ने," आतून लीझे म्हणाली. "ह्यांच्याकडं ढिगानं पडलेत. दिवसभर वाटतात तरी संपत नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी लीझे चुलीपाशी डुकराची चरबी घालून करडे वाटाणे शिजवत होती. इंद्रिकिसला पातेल्यात ढवळून बघायचं होतं. तो ढवळायच्या डावाकडे बोट दाखवून म्हणाला, ते हत्यार दे इकडं. झेल्माची पेन्सिल थांबली. त्यानं वापरलेला शब्द होता 'इएरोत्सिस'. आम्ही शहरात हा शब्द एकाच अर्थानं ओळखायचो. तलवार, बंदूक, तोफ. वर्तमानपत्रात रोज असायचा. शब्दकोशांतही तेवढाच. डावाला कोणी इएरोत्सिस म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

तिनं त्याला विचारलं की तुमच्याकडे इएरोत्सिस कशाकशाला म्हणतात. त्याला प्रश्नच नीट कळेना. हातात धरलं की जे काम करतं ते हत्यार, तो म्हणाला. रंधा हत्यार, पटाशी हत्यार, हिची सुई हत्यार, पोरीची चमचीसुद्धा हत्यार.

"आणि बंदूक?" झेल्मानं विचारलं.

तो विचारात पडला. "तीही असेल. मी कधी धरली नाही, म्हणून आठवली नाही."

झेल्माला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या भाषेत 'रोका' म्हणजे हात. त्याच्याआधी 'आत' या अर्थाचं एक अक्षर लावलं की झालं इएरोत्सिस, म्हणजे हातातलं. हातातली कोणतीही वस्तू हा त्याचा मूळ अर्थ असणार असं जुने लोक नुसतं तर्कानं म्हणत आले होते. शेकडो वर्षं लढाया झाल्या, सैन्यं येऊन गेली, आणि शब्दाजवळ फक्त शस्त्र उरलं. तो पहिला अर्थ जिवंत माणसाच्या तोंडून, वाटाण्याच्या पातेल्यापाशी ऐकणारी झेल्मा पहिलीच होती. ती मला सांगायची, हर्मिने, मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

नऊ दिवस ती तिथं राहिली. रोज ती त्याच्यामागे सुतारकामाच्या पडवीत बसायची आणि त्याला बोलतं करायची. त्यालाही तिचा लळा लागला. त्या पानगळीत पुर्व्हमालात सामूहिक शेती सुरू व्हायची होती. कोणी काय जमा करायचं याच्या याद्या लागल्या होत्या. घोडा, नांगर, खोगीर, आणि सुतारांनी आपली सगळी अवजारं. इंद्रिकिसनं बोथट झालेली, मोडक्या मुठींची अवजारं जमा केली होती. बापाकडून आलेला चांगला संच त्यानं दिला नव्हता. एका दुपारी लीझे बटाटे काढायला शेतात गेली असताना त्यानं झेल्माला आतल्या खोलीत बोलावलं, पलंग सरकवला आणि जमिनीच्या तीन फळ्या उचलल्या. खाली हंसाची चरबी लावलेल्या तागाच्या फडक्यांत एकवीस नग गुंडाळून ठेवले होते. रंधे, पटाश्या, वाकस, गिरमिटं, एक मोगरी, लाकडी मळसूत्राचा एक शिकंजा. मुठी नासपतीच्या लाकडाच्या. झेल्मानं एक छोटा रंधा उचलून पाहिला. तो तळहातात एवढा चपखल बसला, की तिला तो खाली ठेववेना.

त्यानं तिला बजावलं की हे लिहायचं नाही. ती म्हणाली, नाही लिहिणार काका. मग थोड्या वेळानं तिनं त्याला गळ घातली, की त्या शब्दाचं एक तरी वाक्य द्या, नुसत्या शब्दाला किंमत नाही. तो फळ्या परत बसवत होता. गुडघ्यावर बसल्या बसल्याच हसून म्हणाला:

"लिही मग. 'म्हाताऱ्याची हत्यारं जमिनीखाली झोपलीत, वेळ आली की उठतील.' पण माझं नाव घालू नकोस."

"नाही घालणार."

निघताना लीझेनं तिला स्वतः विणलेले हातमोजे दिले. लाल आणि पांढरे, मनगटाशी सूर्याची नक्षी. झेल्मा ते आगगाडीतही काढत नव्हती, असं तिनंच मला सांगितलं. आणि त्याच आगगाडीत बसून तिनं कार्ड पूर्ण केलं. वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली नाव, वय, घर. मी तिला विचारलं, त्यांनी नको म्हटलं होतं ना? ती म्हणाली, "बिननावाचं कार्ड मेल्डेरिस फाडतात, तुला माहीत नाही का? आणि खणात कोण बघायला येतंय?"

मेल्डेरिसनी ते कार्ड सोमवारच्या बैठकीत दोनदा वाचून दाखवलं. झेल्माचं कौतुक झालं. तिच्याहून वयानं मोठे दोघेतिघे तोंड कडू करून बसले होते, तेही मला आठवतं. त्या तिमाहीत सापडलेल्या नव्या अर्थांची यादी वरती जायची होती. ती मी टाइप केली, वाक्यांसकट, नावांसकट. पाच प्रती. त्या कोणाकोणाच्या टेबलावर गेल्या ते मला कधीच कळलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्य सुरक्षा खात्याचा कॅप्टन बेर्टुलिस आला.

तो आमच्याच भाषेत बोलायचा, जरा जुन्या वळणाची लात्व्हियन, कारण त्याचे आईबाप क्रांतीआधीच रशियात गेले होते. सभ्य माणूस. त्यानं टोपी काढली, पाय पुसले, चहा घेतला. मेल्डेरिसच्या खोलीत झेल्माला बोलावलं, आणि रशियन यंत्र घेऊन मलाही. त्यानं सांगितलं की ग्राव्हासचा इंद्रिकिस आठ दिवसांपासून त्यांच्या ताब्यात आहे. घराची जमीन अजून उखडायची आहे, पण त्याआधी रीतसर मत पाहिजे. शब्द कुठून आला, त्याचे अर्थ काय, हे तज्ज्ञानं लिहून द्यायचं. त्यांच्या माणसांनी ते वाक्य वाचलं होतं. त्या भागातल्या जंगलात तेव्हा बंदुका घेऊन राहणारी माणसं होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. 'वेळ आली की उठतील' म्हणजे काय, हे म्हाताऱ्यानं अजून नीट सांगितलं नव्हतं.

 झेल्मा म्हणाली की मी ती हत्यारं डोळ्यांनी पाहिली आहेत, ते रंधे आणि पटाश्या आहेत. बेर्टुलिसनं ते ऐकून घेतलं, आणि जे पाहिलं ते तिनं कळवलं का नाही असं अगदी शांतपणे विचारलं. सामूहिक शेतीला द्यायची वस्तू लपवलेली तिनं पाहिली होती, तीन महिने ती गप्प होती. मग त्यानं तिच्या भावाची चौकशी केली. व्हिलिस जर्मन फौजेतून पकडला गेला होता आणि तीन महिन्यांपूर्वीच छावणीतून सुटून आला होता. त्याची छाती बरी आहे का, खोकला गेला का, असं कॅप्टननं विचारलं. झेल्मा म्हणाली, बरी आहे.

तिला शेजारच्या खोलीत बसवलं. तासाभरानं तिनं मसुदा आणला. तिनं सगळं खरं लिहिलं होतं. शब्दाची फोड, हात, हातातलं, मूळ अर्थ अवजार, नंतरचा अर्थ शस्त्र, पुर्व्हमालाच्या बोलीत अजून मूळ अर्थच चालतो. मेल्डेरिसनी तो वाचला.  त्यांनी पेन्सिलीनं मूळ अर्थाच्या ओळी खोडल्या आणि म्हणाले की सरकारी कागदावर एका शब्दाला एकच अर्थ असलेला बरा. बोलीतला अर्थ एकाच माणसाकडून आलेला आहे, आणि तो माणूस आता आरोपी आहे, म्हणजे तो पुरावा धरता येत नाही. हे बोलून ते खिडकीकडे जाऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत वळले नाहीत.

मी टाइप करायला बसले. मसुद्यात अजून एक शब्द शिल्लक होता. रशियनमध्ये शस्त्राला 'ओरुझिये' म्हणतात आणि अवजाराला 'ओरुदिये'. झेल्मानं 'ओरुदिये' लिहिलं होतं. मेल्डेरिसच्या नजरेतून ते सुटलं, की त्यांनी मुद्दाम सोडलं, मला माहीत नाही. रशियन यंत्रावर 'द' आणि 'झ' शेजारीशेजारी आहेत. एकावर अनामिका पडते, दुसऱ्यावर करंगळी. मी तिथवर आले आणि थांबले. बेर्टुलिस माझ्या मागं उभा होता. त्याच्या तोंडाला चहाचा वास येत होता.

"कॉम्रेड झेल्मा," तो म्हणाला, "तुमची टायपिस्ट अडलीय. तिला अक्षर सांगा."

झेल्मा टेबलाच्या पलीकडे होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या यंत्राकडे बघत होती.

"झ," ती म्हणाली.

मी करंगळी टेकवली. मला नाही म्हणता आलं असतं का, हा विचार मी पुढं पुष्कळ केला. त्या क्षणी मी फक्त एवढाच विचार केला, की अक्षर ठळक उमटलं पाहिजे, कारण तीन प्रती होत्या आणि कार्बन जुना झाला होता. झेल्मानं तिन्ही प्रतींवर सही केली.

जानेवारीत बेर्टुलिस परत आला, आभार मानायला. सगळ्यांसाठी त्यानं एक मोठं चॉकलेट आणलं होतं. चहा पिता पिता त्यानं हसत हसत सांगितलं की जमीन उखडली. एकवीस नग सापडले. म्हातारा सारखा म्हणत होता, साहेब हे रंधे आहेत हो.

"मी त्याला म्हटलं, मला दिसतंय की," बेर्टुलिस म्हणाला. "माझा आजा सुतारच होता."

मेल्डेरिसनी विचारलं, मग?

"मग काय? कागद आधीच फायलीत लागला होता." त्यानं कप खाली ठेवला. "पंचनाम्यात लिहिलं, 'हत्यारं, नग एकवीस'. ते तर खोटं नाही ना? तुमच्याच म्हाताऱ्याचा शब्द."

त्याच्या बोलण्यात कुठं चीड नव्हती, म्हाताऱ्याबद्दल वैरही नव्हतं. तो गेल्यावर झेल्मानं चॉकलेटचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला. मी खाल्ला. चांगलं होतं.

इंद्रिकिसला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. मार्चमध्ये ग्राव्हासच्या दारात सकाळी लॉरी उभी राहिली आणि जंगलातल्या डाकूचं कुटुंब म्हणून लीझे आणि माल्विनेला घेऊन गेली. सैबेरियात, ओम्स्कच्या बाजूला. त्या दिवसांत इतकी माणसं नेली गेली, की कार्यालयात दोन दिवस कोणी कोणाशी मोठ्यानं बोललं नाही. माझ्या मोठ्या आत्यालाही नेलं. झेल्मा आठवडाभर आजारी म्हणून घरी राहिली. परत आली ती हातमोज्यांशिवाय. त्यानंतर तिनं पुर्व्हमालाचं नाव माझ्यासमोर काढलं नाही.

माणूस ज्यावर पाय देऊन वर चढतो त्याला तो फार लवकर सरावतो. दोन वर्षांत झेल्मानं आपला प्रबंध पुरा केला. मेल्डेरिस हृदयविकारानं गेले, आणि त्रेपन्न साली विभाग तिच्या हाती आला. ती कामाला चोख होती. कोणाचं कार्ड ती फाडत नसे. अपुरं असेल तर शांतपणे परत करायची.

छप्पन साली जुनी प्रकरणं तपासायला घेतली गेली. इंद्रिकिसची फाइलही निघाली. तपासणी करणाऱ्यांना रंधे आणि पटाश्या दिसल्या, आणि शस्त्र हा शब्दही दिसला. त्यांनी आमच्या कार्यालयाला विचारलं की हे मत कसं दिलं गेलं. झेल्मानं उत्तर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं: मत बरोबर होतं, टंकलेखनात एका अक्षराची चूक झाली, शेजारचं बटण दाबलं गेलं, संबंधित टायपिस्टला समज देण्यात आली आहे. ते पत्रही मीच टाइप केलं. समजेचा कागदही मीच टाइप करून सूचनाफलकावर लावला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्या खोलीत कोण कोण होतं हे सगळं निघालं असतं, आणि त्यात मीही होते. शिवाय माझी आई तेव्हा अंथरुणावर होती आणि घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

ऑक्टोबरात एके दिवशी दुपारी इंद्रिकिस आला. मी त्याला ओळखायचा प्रश्नच नव्हता, मी त्याला पाहिलंच नव्हतं. साठीचा माणूस ऐंशीचा दिसत होता. बरोबर तेराएक वर्षांची मुलगी, अनाथाश्रमाच्या राखाडी कोटात, केस बारीक कापलेले. त्यानं कोटाच्या आतून सुटकेचा घडी घातलेला कागद काढला आणि मुलीला दिला. तिनं तो मला रशियनमध्ये वाचून दाखवला, शाळेत उभं राहून वाचतात तसा. शिक्षा टंकलेखनातील चुकीमुळे झाली होती, ती रद्द. वाचून झाल्यावर तिनं बापाकडे पाहिलं. तिला लात्व्हियन येत नव्हतं. लीझे दुसऱ्या हिवाळ्यात गेली होती, भाकरीच्या रांगेत उभी असताना, आणि मुलीला आश्रमात घातलं होतं. बापाशी ती रशियनमध्ये बोलायची आणि तो तिला छावणीत शिकलेल्या रशियनमध्ये उत्तर द्यायचा. त्यातले निम्मे शब्द शिव्यांचे होते. त्यालाही ते कळत असावं, कारण तो तिच्याशी फार कमी बोलत होता.

त्यानं विचारलं, ती टायपिस्ट इथं अजून आहे का.

"मीच," मी म्हणाले.

 त्यानं माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसला. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, आणि तीही वाकडी. मी बघतेय हे त्याला दिसलं. त्यानं स्वतःहून सांगितलं, दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. अटकेच्या नवव्या का दहाव्या दिवशी त्याची हत्यारं पोत्यात भरून चौकशीच्या टेबलावर आणली. कॅप्टननं विचारलं, हे काय करतं, ते काय करतं. आपल्या बापाची अवजारं पाहून त्याला इतकं बरं वाटलं, की त्यानं एकेक उचलून नीट समजावून सांगितलं. शिकंजा शेवटी आला. त्यानं सांगितलं, दोन फळ्या सरसानं जोडल्या की यात धरून मळसूत्र आवळायचं, सरस वाळेपर्यंत सोडायचं नाही. कॅप्टननं लक्ष देऊन ऐकलं. मग इंद्रिकिसचाच हात त्यात धरला.

"तिसऱ्या बोटाला मी लिहून दिलं, की हे शस्त्र आहे," तो म्हणाला. "तेव्हा ते खोटंही वाटलं नाही."

मुलगी खिडकीतून ट्राम बघत होती.

मी त्याला म्हटलं की मला क्षमा करा. तो म्हणाला, जाऊ दे बाई, बोट कोणाचंही सरकतं, माझ्या हातूनही लाकडं बिघडलीत. तो हे इतक्या सहज म्हणाला, की मला त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं कामाचं काढलं. त्याला हत्यारं परत हवी होती. ती पुर्व्हमालाच्या सामूहिक शेताच्या सुतारशाळेत होती, त्यानं स्वतः पाहिली होती. एका पटाशीनं कोणीतरी रंगाचे डबे उघडत होतं. पण अध्यक्ष म्हणाला की कागदोपत्री तुझ्याकडून शस्त्रं जप्त झालीत, अवजारं जप्त झाल्याची नोंदच नाही, मग परत काय देऊ? इंद्रिकिसला एवढंच लिहून हवं होतं, की त्यांच्याकडे हत्यार म्हणजे अवजारसुद्धा होतं. दोन ओळी. वर शिक्का.

मी झेल्माच्या खोलीत गेले. दार पूर्ण लागलेलं नव्हतं, तिनं सगळं ऐकलं होतं. ती टेबलाशी ताठ बसली होती. मी म्हणाले, तो बाहेर बसलाय, दोन ओळी हव्यात. मीच टाइप करते, तू फक्त सही कर.

"कार्यालय खाजगी माणसांना दाखले देत नाही," ती म्हणाली.

मी म्हणाले की झेल्मा, तू त्याच्या घरी जेवली आहेस.

तिच्या गळ्याशी लाल डाग उठले. तिनं आवाज अजिबात चढवला नाही. तो अर्थ पुर्व्हमालाला आहे असं आज लिहून दिलं तर तो अठ्ठेचाळीस साली का नव्हता, असं कोणीही विचारेल, ती म्हणाली. चूक टायपिस्टची होती हे कागदावर आलं आहे, ते तसंच राहू दे. कार्डही आता नाही. प्रबंधाच्या वेळी तिनंच ते खणातून काढून टाकलं होतं. मग ती म्हणाली, "त्याला सांग, मी गावाला गेलेय."

मी बाहेर आले.  मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कॅप्टन कुठं उभा होता, मसुद्यात काय होतं, अक्षर कोणी सांगितलं. ती आत बसली आहे आणि गावाला गेलेय असं सांग म्हणतेय, हेही सांगितलं. आठ वर्षांत मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही.

तो ऐकत होता. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. मघाशी जो चेहरा मला क्षमा करत होता तो कठीण झाला.

"बाई," तो म्हणाला, "चूक केलीस ते मी सोडून दिलं होतं. पण दुसरीच्या माथी का मारतेस?"

मी म्हणाले की मी खरं सांगतेय.

"ती पोर नऊ दिवस आमच्याकडं होती. माझ्या लीझेनं तिला हातमोजे विणून दिले. ही तिच्या मांडीवर झोपायची." त्यानं मुलीकडे मान वळवली. "माणूस ओळखता येतं मला. ती पोर असं करायची नाही. तू मात्र करशील, हे आता दिसतंय."

तो उठला. कागदाची घडी त्यानं पुन्हा नीट घातली आणि तीन बोटांनी कोटाच्या आत सरकवली. मुलीला त्यानं रशियनमध्ये चल म्हटलं. दारापाशी थांबून मला म्हणाला की झेल्मा गावाहून आली की तिला माझा नमस्कार सांग. म्हणावं, इंद्रिकिस येऊन गेला, म्हातारा जिवंत आहे. आणि तो शब्द पुस्तकात आला की एक प्रत पाठवायला सांग, पोरीला दाखवायची आहे.

ते दोघं ट्रामच्या थांब्याकडे गेले. मुलगी दोन पावलं पुढं चालत होती. तिनं एकदा मागं वळून काहीतरी विचारलं. त्याला ते कळलं नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं, आणि मग खांदे उडवून ती पुढं चालू लागली. पुढच्या उन्हाळ्यात पुर्व्हमालाहून शब्द गोळा करून आलेल्या आमच्या एका मुलीनं सांगितलं की तो आता सामूहिक शेतावर बटाट्यांची खोकी ठोकतो. हातोडा दुसऱ्याचा मागून आणतो आणि संध्याकाळी परत करतो. माल्विने चौदा वर्षांची होताच कारखान्याच्या शाळेत दाउगाव्हपिल्सला निघून गेली.

त्या दुपारी मी पुन्हा झेल्माच्या खोलीत गेले. ती मुद्रितं तपासत होती. 'इ'चा खंड छापायला जायचा होता. मी तिला सांगितलं की त्यानं नमस्कार सांगितलाय, म्हातारा जिवंत आहे म्हणाला, आणि शब्द पुस्तकात आला की प्रत पाठवायला सांगितलंय. तिची पेन्सिल इएरोत्सिस या शब्दावर होती, आणि त्यापुढे एकच अर्थ छापला होता, शस्त्र. मग तिनं मान हलवली, पान उलटलं, आणि पुढच्या शब्दाची कार्डं आणायला सांगितली.